एवढं पान होऊ दे

"बाई, तुमचा तो वाचणारा माणूस पाणी मागतोय. देतंय का कोणी त्याला?"

फोनवरचा आवाज इतका मोठा होता की मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. हे आमचे वेल्डर आजोबा. जन्म लोखंडी पुलांवर गेला. त्या ठणठणाटात कान अर्धे गेले आणि म्हातारपणी डोळे पूर्ण. अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या ग्रंथालयात मी तक्रारींच्या फोनवर बसते. कोणाचं मशीन चालू होत नाही, कोणाला प्रेमकथा हवी होती आणि मूळव्याधीवरचं पुस्तक गेलं, असलं मी दिवसभर ऐकते. माझं डोकं काही थंड नाही, हे एव्हाना सगळ्या श्रोत्यांना ठाऊक आहे.

"आजोबा, पुस्तकातलंच वाक्य असेल ते," मी म्हटलं.

"पुलांच्या पुस्तकात कोण कशाला पाणी मागेल? पुलाखाली काय कमी असतं?" ते ओरडले. "आणि मशीन तिथंच अडकतं. पुढचं बटण दाबा, मागचं दाबा, पुन्हा तेच. 'अगं, पाणी दे ना जरा.' मला अगं म्हणतो! मी काय बाई आहे?"

मी पुस्तकाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ते पुस्तक माझ्या दादाने वाचलेलं होतं. आणि दादाला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आमच्याकडे गेलेली माणसं बोलत राहतात, हे नवीन येणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळतं. तपासणीच्या खोलीत सतत कुठला तरी स्पीकर चालू असतो आणि त्याचा आवाज जिन्यात, चहाच्या टेबलापाशी, पार संडासाच्या दारापर्यंत येतो. मी आपली फाईल घेऊन चाललेली असते आणि भिंतीपलीकडे माझा सख्खा भाऊ मधमाश्यांविषयी काहीतरी समजावून सांगत असतो. सुरुवातीला माझ्या हातातून वस्तू पडायच्या. श्रोत्यांना तर काहीच माहीत नसतं. "दादांना नमस्कार सांगा, हल्ली नवीन काही वाचत नाहीत का?" असं ते विचारतात. मी म्हणते, "सांगते." तो गेला म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण सांगायची आहे ती वहिनीची गोष्ट.

माझी वहिनी म्हणजे नखशिखांत कान. लग्नाआधीपासून ती इथंच ध्वनिमुद्रण करायची. ती काचेच्या अलीकडे, दादा काचेच्या पलीकडे वाचायला. प्रेम जमलं तेही काचेतून, खाणाखुणांनी, आणि आमच्या आईला कळायच्या आधी अख्ख्या ग्रंथालयाला कळलं होतं. दादाच्या शर्टाची बाही टेबलाला घासली तरी हिच्या कपाळावर आठी. बटण दाबून म्हणायची, "पुन्हा." तो बिचारा पुन्हा वाचायचा. घरी जेवताना तो बोलायला लागला आणि तिने नुसतं वर पाहिलं, तरी आई म्हणायची, "इथं तरी बोलू दे गं त्याला." चालढकल हा शब्द वहिनीला माहीतच नव्हता. म्हणून तर पुढचं सगळं पचवायला मला इतकं जड गेलं.

त्या मुद्रणाच्या खोलीचा एक नियम होता. आत पाणी न्यायचं नाही. पेला टेबलावर टेकला की आवाज येतो, घोट घेतला की आवाज येतो. म्हणून पेला काचेच्या अलीकडे, वहिनीच्या हाताशी. वाचणाऱ्याला तहान लागली की त्याने बोट वर करायचं, वहिनी मुद्रण थांबवायची आणि दार उघडून पेला द्यायची. बोलायचं कोणीच नाही. दादाही कधी बोलायचा नाही. त्याचं आपलं बोट वर.

मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि पुलांचं ते पुस्तक त्याच्याच्याने पुरं झालं नाही. उरलेलं दुसऱ्या वाचकाने वाचलं. वहिनी काचेसमोर बसायला काही केल्या तयार होईना. तेव्हा बोलक्या पुस्तकांची तऱ्हा बदलत होती, कॉम्प्युटरवर बसणारं माणूस हवं होतं, आणि ज्या वयात लोक चष्म्याचा नंबर वाढवून घेतात त्या वयात ही बाई प्रोग्रॅमिंग शिकली. शिकली ती अशी की साहेबांनी सगळं तिच्यावर सोपवलं.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. मलाही तिने तसंच सांगितलं होतं. बोलक्या पुस्तकात आवाजाबरोबर एक एक्सएमएल दस्तऐवज असतो. हे प्रकरण, हे पान, हे वाक्य, आणि या वाक्याचा आवाज मुद्रणात इथपासून इथपर्यंत, असं त्यात लिहिलेलं असतं. कशात काय बसावं याचे नियम वेगळ्या फाईलीत असतात, तिला स्कीमा म्हणतात. पानाबाहेर वाक्य नको, वाक्याशिवाय आवाज नको, अशा थाटाचे नियम. दस्तऐवज त्यांत बसतो की नाही हे बघणारा प्रोग्रॅम वहिनीने लिहिला. खरा तपासनीस तिला बनवावा लागला नाही. ती ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते तिच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबर आयत्या मिळणाऱ्या सामानात, तो असतोच. त्याच्या हातात स्कीमा द्यायचा आणि पुढ्यात दस्तऐवज ठेवायचा. "म्हणजे आपल्या लायब्ररीत आणखी एक लायब्ररी," असं मी म्हटलं होतं. ती हसली नव्हती. तेव्हा मला वाटलं, माझा विनोदच फुसका होता.

तर आजोबांचा फोन ठेवून मी तडक तपासणीच्या खोलीत गेले आणि ते पान लावलं. श्रोत्यांना नुकतीच पाठवायला लागलो होतो तसलं नवं मशीन तिथं होतं. दादाचा वाचतानाचा तो शांत आवाज आला, "नदीचा तळ भुसभुशीत असेल तर खांब उभा राहतो, पण त्याच्यावर भार टाकता येत नाही." मग थोडी सळसळ. मग:

"अगं, पाणी दे ना जरा."

वाचायचा आवाज वेगळा आणि घरातला आवाज वेगळा. इतकी वर्षं भिंतीतून यायचा तो वाचणारा दादा होता, त्याची मला सवय झाली होती. हा आमच्या घरातला होता, आजारी, जरासा वैतागलेला. मशीन पुढे सरकेना. पुन्हा "अगं, पाणी दे ना जरा." पुन्हा तेच. मशीन बंद करायला हात पुढे केला, पण तो मागत असताना त्याला मध्येच बंद कसं करायचं, ते सुचेना.

मागून हात आला आणि बटण दाबलं गेलं. वहिनी. तिला जिन्यातच ऐकू आलं असणार.

"हे तू ठेवलंस?" मी विचारलं.

"हो."

"आणि तुझा तो तपासनीस काय झोपा काढत होता?"

ती मला तिच्या टेबलापाशी घेऊन गेली आणि पडद्यावर प्रोग्रॅम उघडला. तपासनिसाला चूक सापडली की ती कोणाला सांगायची, हे आपण ठरवायचं असतं. कोणालाच नेमलं नाही तर तो पहिल्या चुकीलाच थांबतो आणि बोंब मारतो. पण ऐकणारा नेमून दिला, की तो निमूटपणे त्याला सांगतो आणि पुढे जातो. या ऐकणाऱ्याला तीन गोष्टी शिकवायच्या. बारीक सूचना आली तर काय करायचं, चूक आली तर काय, आणि दस्तऐवजच मोडका निघाला तर काय. वहिनीच्या प्रोग्रॅमात सूचनेखाली ओळी होत्या, मोडक्याखाली ओळी होत्या. मधल्या जागेत, चुकीखाली, एक कंस उघडत होता आणि लगेच बंद होत होता, आत काहीच नाही.

"म्हणजे तो चूक सांगत होता?"

"प्रत्येक वेळी."

"आणि ऐकणारा?"

"त्याला काही करायचंच सांगितलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. मी फोन उचलायचा, हं हं करायचं आणि ठेवून द्यायचा, असं मी एक दिवस केलं असतं तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं. इथं वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. वाक्याशिवाय आवाज नको, या नियमामुळे तपासनिसाने दादाचं पुस्तक अडवलं होतं. त्या एका पुस्तकासाठी वहिनीने मधली जागा रिकामी ठेवली, आणि त्या वाटेने बाकीच्यांच्या चुकाही बिनबोभाट आत आल्या. एका बाईंनी तर शेवटचं प्रकरणच गळालेली कादंबरी ऐकून मला कौतुकाने फोन केला होता, की शेवट फार धाडसी आहे. जुन्या मशीनवर आवाज सरळ वाहत जायचा म्हणून हे खपून गेलं. नवं मशीन वाक्यावाक्याने चालतं. वाक्य नसलेला आवाज आला की त्याला पुढची जागा सापडत नाही आणि ते तिथंच घुटमळतं.

"वहिनी, तू?" मी म्हटलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी धारेवर धरलं असतं.

तेवढ्यात आजोबांनी परस्पर साहेबांनाही फोन लावला होता. साहेब वाईट माणूस नाही, पण त्यांना श्रोता अडकलेला खपत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की अडकणारी पुस्तकं महिनाअखेर काढून टाकायची आणि यांत्रिक आवाजात करून घ्यायची. ज्या जुन्या वाचकाचं एक पुस्तक बिघडलेलं निघेल, त्याची बाकीची नीट असतील याचा काय भरवसा? ती सगळीच काढायची. जुनी मुद्रणं ठेवायला जागा नाही.

म्हणजे दादा जाणार होता. जिन्यातून, चहाच्या टेबलापासून, सगळीकडून, आणि या खेपेला कायमचा. ते एक वाक्य कापलं की पुस्तक नियमात बसत होतं. मला कळेना, यात एवढा विचार कसला करायचा?

"कापून टाक ना," मी घरी आल्यावर म्हटलं. "त्याची कॉपी घरी ठेव. हवी तेव्हा ऐक."

दादा गेल्यापासून वहिनी आणि मी एकाच घरात राहतो. तिची एक सवय माझ्या डोक्यात जायची. ती घरभर पाण्याचे पेले भरून ठेवते आणि पीत नाही. खिडकीत एक, दादाच्या खुर्चीपाशी एक, दाराजवळच्या कपाटावर एक. मी ते रोज कुंड्यांत ओतते आणि बडबडते, की अगं, नळाला पाणी आहे, दुष्काळ नाही पडलेला. मला वाटायचं, विसरभोळी झाली. त्या संध्याकाळी मी खुर्चीपाशी ठेवलेला पेला उचलायला गेले आणि ती म्हणाली, "राहू दे तो."

मी हात मागे घेतला. मग ती बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी मी खाली बघत होते. पुढच्या पानावर खुणा करत होते. त्याने बोट वर केलं असेल. किती वेळ धरलं असेल, देव जाणे. मी बघतच नव्हते, म्हणून तो बोलला. आणि मी बटण दाबून म्हणाले, एवढं पान होऊ दे."

मी खुर्चीशेजारी खाली बसले.

"माझं बोलणं मुद्रणात येत नाही, ते फक्त त्याच्या हेडफोनात जातं. त्यामुळे त्यात तो नुसता मागतो आणि मग निमूट वाचायला लागतो. घसा कोरडा पडलेला ऐकू येतो मला. अख्खं पान वाचलं त्याने तसं."

"मग दिलंस ना नंतर?"

"तेच आठवत नाही गं." तिने दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवले. "पान झालं. तो बाहेर आला. स्वेटर उचलला, म्हणाला, आज बास. त्याच्या हातात पेला होता का? कधी दिसतो, कधी नाही दिसत. आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल."

हॉस्पिटलचं मला माहीत होतं. तिथं त्याला तोंडाने काही द्यायचं नाही, असं बजावलेलं होतं. ओला कापूस ओठांना लावायचो आम्ही, आळीपाळीने. त्यातूनच तो गेला.

"घरी कॉपी ठेवली तर मी एकटीच ऐकणार," वहिनी म्हणाली. "मी ऐकलंय आणि काय केलं तेही मला माहीत आहे. पुस्तकात होतं तोवर वाटायचं, कुठेतरी कोणीतरी ऐकेल आणि उठेल."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू? दादा माझाही होता आणि त्याने मागितलेलं पाणी मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. पण ती खुर्चीकडे बघत होती, त्या रिकाम्या खुर्चीकडे, तसं मला कोणाकडे बघता आलं नसतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. परत आले तर पेला तिथंच होता. मी तो राहू दिला.

सकाळी ऑफिसात तिने मधली जागा भरली. काही फार लिहायचं नव्हतं. चूक आली की पुस्तक अडवायचं आणि कितव्या ओळीवर काय चुकलं ते दाखवायचं, बस. मग तिने सगळी पुस्तकं पुन्हा तपासनिसापुढे घातली आणि पडदा खालपर्यंत भरून गेला. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं तो एका दमात बोलला. मी शेजारी खुर्ची ओढली. त्या महिन्यात मी फोनही घेतले आणि तिच्याबरोबर चुकाही काढल्या. गळालेलं प्रकरण सापडलं. त्या बाईंना पाठवलं. त्या म्हणाल्या, आधीचाच शेवट बरा होता.

दादाचं पुस्तक तिने शेवटी ठेवलं होतं. त्याच्यासमोर तपासनिसाने एकच वाक्य लिहिलं होतं: या जागी हा घटक अपेक्षित नाही. वहिनीने ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, "मी काढू का?" ती म्हणाली, "नको. मीच." तिने दस्तऐवजातली ती ओळ काढली, आवाजातला तो तुकडा काढला आणि कॉपी कुठेच ठेवली नाही. पुन्हा तपासायला लावलं. नियमात बसणाऱ्या पुस्तकाविषयी तपासनीस काहीच बोलत नाही. पडदा रिकामा राहिला आणि आम्ही दोघी त्या रिकाम्या पडद्याकडे बघत बसलो.

साहेबांनी स्वतः ते पुस्तक ऐकलं आणि दादाची पुस्तकं राहिली. मीही ते पान ऐकलं. भुसभुशीत तळाचं वाक्य येतं आणि लागलीच पुढचं, मध्ये काही नाही. पण पुढच्या वाक्यापासून त्याचा घसा कोरडा आहे. का, ते आता पुस्तकात कुठेच नाही.

मग आजोबांचा फोन आला. "सुटलं बाई पुस्तक! पूल पार केला एकदाचा!" मी रिसीव्हर सवयीने लांब धरला. वहिनी समोरच होती, तिच्या कानांना तर तेवढंही पुष्कळ. माझं कौतुक झालं, साहेबांचं झालं. आणि मग आजोबांनी आवाज खाली आणला. त्यांना तसं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

"पण आता तो मागत नाही."

"कोण आजोबा?"

"तुमचा वाचणारा. म्हातारा चळला म्हणाल, पण मी मशीनजवळ पेला भरून ठेवायला लागलो होतो. एवढ्या काकुळतीने कोणी मागत असताना नुसतं बसवतं का? काल असाच भरून बसलो, तर तो सरळ पुढे वाचत गेला." मग त्यांनी विचारलं, "त्याला मिळालं का हो पाणी?"

मला कोणालाही उत्तर द्यायला वेळ लागत नाही. त्या दिवशी मी रिसीव्हर धरून वहिनीकडे बघितलं. वहिनी उठली आणि तिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मिळालं आजोबा," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही ठेवलं होतंत ना."

"मग झालं तर! हा पेला मीच पिऊन टाकतो. बायको ओरडते, घरभर पेले भरून ठेवतो म्हणून."

आणि ते फोनवरच प्यायले. मोठमोठे घोट, थेट रिसीव्हरपाशी. जिला शर्टाच्या बाहीचा आवाज सोसत नव्हता ती माझी वहिनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून उभी होती. पेला टेबलावर टेकल्याचा आवाज मलाही ऐकू आला. तोवर तिने श्वाससुद्धा घेतला नव्हता.